राखणदाराचं पान मी कचऱ्यात टाकलं

"ताई, किल्ला झाला, समुद्र झाला, आता जरा सावलीत बसू या," माझी धाकटी बहीण शुभा म्हणाली. म्हणून मालवणहून रिक्षा केली आणि खाडीकाठच्या जुन्या बंगल्याच्या बागेत गेलो. एसटीही जाते, पण परतीच्या गाडीची वेळ विचारूनच उतरा. तिकीट नाममात्र. डबा बरोबर न्या. दारातल्या टपरीवर चहा आणि खाजं, एवढंच मिळतं.

बंगला सुरेख आहे. उंच छत, व्हरांड्यातून थेट खाडी. आणि सागवानी खांबांवर कोणाचं कोणावर प्रेम आहे ते खिळ्याने कोरलेलं! झोपाळ्यांभोवती वेफर्सची पाकिटं. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत कागदाचा कपटा दिसला तरी सिस्टर अख्ख्या वर्गाला मैदान झाडायला लावत. माझं डोकं फिरलं. पिशवी काढून मी वेचत सुटले.

वडाखाली केळीच्या पानावर केळी, विड्या आणि दारूची छोटी बाटली.

"पोराबाळांच्या बागेत पितात मेले!" मी सगळं पिशवीत कोंबलं.

"अवो, ता खंय नेतास?" एक बाई विहिरीकडून धावत आली.

"कचऱ्यात! लाज नाही वाटत?"

"ता राखणदाराचा, बाये. माझो झील फाल्यां बोटीर जातलो. पयलीच खेप."

राखणदार म्हणजे त्या जागेचा अदृश्य रक्षक, बंगल्याच्याही आधीपासूनचा, आणि हा त्याचा नैवेद्य. हे मला शुभाने कानात सांगितलं. उद्या पहिल्यांदाच बोटीवर जाणारा बाईचा मुलगा हातात नारळ घेऊन माझ्या पिशवीकडे बघत होता. केळी चेंगरली होती. बाईने डोळ्यांना पदर लावला.

तिच्याबरोबरचे म्हातारे मामा तिला म्हणाले, "रडतंस कित्याक? बाटली फुटली?"

"नाय."

"मगे तो रागावचो नाय."

त्यांनी नवं पान मांडलं, मला समोर उभं केलं आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं; बाई आणि मुलगा साथ देत होते.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या पोराक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बायेच्या हातसून चूक झाली आसात, ती पदरात घे. तिचो राग पोरार काढू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शुभाही म्हणाली. मी मात्र पानाकडेच बघत होते. मुलाने नारळ फोडून माझ्या हातावर खोबरं ठेवलं, तेव्हाही मी त्याच्या आईकडे बघू शकले नाही.

आता पुण्यात मैत्रिणी फोटो मागतात. बंगल्याचे देते, जागा खरंच बघण्यासारखी आहे, जरूर जा. त्या मुलाचं नाव विचारायचं मात्र राहिलं. टीव्हीवर समुद्रातल्या वादळाची बातमी लागली, की मी हातातलं काम टाकून उभी राहते. कोणासाठी, ते सांगायला माझ्याकडे नावसुद्धा नाही.