वीस कागदी टोप्या

माझी प्लोनीआत्या चिडकी होती असं गावात सगळे सांगतात. खोटं आहे. ती चिडलेली होती. दोन्हीत फरक आहे, आणि तो ज्यांना कळत नाही त्यांच्यामुळेच ती चिडलेली होती.

चौदाव्या वर्षी ती फेरहाखांच्या वखारीत कंद सोलायला लागली आणि साठीपर्यंत तिथेच होती. लांब टेबल, भोवती बारा बायका, मध्ये हायसिंथ या सुवासिक फुलझाडाच्या कंदांचा ढीग. त्या सालींची धूळ अंगावर बसली की अशी खाज सुटते की कातडं ओरबाडून काढावंसं वाटतं. पुढे तिच्या हातात कोरायची वाकडी सुरी आली. हायसिंथचा कंद आपणहून फारसा वाढत नाही. त्याचं बूड कोरून काढावं लागतं, मग जखमेच्या कडेने बारीक पिल्लं धरतात आणि त्यांना फुलायला चार-पाच वर्षं लागतात. आत्यासारखं बूड कोरणारं आसपासच्या चार गावांत कुणी नव्हतं. हजेरीच्या वहीत मात्र तिचं नाव कधी आलं नाही. तिथे लिहिलेलं असायचं, ‘बायका, बारा’.

बावन्नाव्या वर्षी बाराही जणी फेरहाखांच्या शेतावर असताना तिला निळ्या वाफ्यात एक भलतंच फूल दिसलं. राखेत जरा नीळ मिसळावी तसा रंग, पाकळ्यांच्या टोकांना हिरवी झाक. मालक डिर्क फेरहाख म्हणाला, “ही घाण उपटा आणि उकिरड्यावर टाका.” आत्याने कंदासकट उपटलं. उकिरड्यावर टाकलं नाही, एप्रनच्या खिशात टाकलं.

तिच्याकडे जमीन नव्हती, मागे विटांचं अंगण तेवढं होतं. म्हणून कुंड्या. ऑक्टोबरात कंद कुंडीत लावायचे, भिंतीलगतच्या चरात कुंड्या पुरायच्या, वर ओली वाळू आणि पेंढा. अख्खा हिवाळा त्यांना थंडी खाऊ द्यायची. मार्चमध्ये दोन बोटं कोंब आला की उघडायच्या. अठरा वर्षांत त्या एका कंदाच्या साठ कुंड्या झाल्या. पायऱ्यांवर, खिडकीखाली, पार रस्त्यापर्यंत तीच राखी निळाई. लोक सायकली थांबवून विचारायचे, याचं नाव काय हो? “ठेवायचंय अजून,” आत्या फटकारायची.

नाव ठरलेलं होतं, ते फक्त मला माहीत होतं. अपोलोनिया. तिचं स्वतःचं, पाळण्यातलं; प्लोनी हे त्याचंच तोडलेलं रूप. “राण्यांची नावं आहेत, सेनापतींची आहेत,” ती म्हणायची. “सोलणाऱ्या बाईचं एक असू दे की. कुणाचं काय जातंय?” त्यासाठी बागायतदारांच्या मंडळाच्या परीक्षकांनी फूल फुललेलं पाहून आपल्या नोंदवहीत लिहायला हवं. एकदा लिहिलं की जगभर तेच नाव.

मी तेव्हा गावच्या फुलांच्या मिरवणुकीच्या समितीत टंकलेखिका होते. अध्यक्ष ओनो फेरहाख, म्हणजे त्याच डिर्कचा मुलगा. परीक्षक मिरवणुकीला येतातच, तर आत्याच्या वीस कुंड्या मिरवणुकीच्या वाटेवरच्या पुलावर मांडाव्यात, ही अक्कल माझी. आत्या सत्तर वर्षांची झाली होती, आणखी किती थांबणार?

“फेरहाखांच्या हातात देऊ?” ती म्हणाली. “डोकं फिरलंय तुझं, हेस्टर.”

“समितीच्या हातात, आत्या. मी आहे ना तिथे.”

“तू आहेस, तीच तर भीती आहे.” तरी तिने दिल्या. “बाहेरच ठेवायच्या. उबेला नेल्या तर बघ.”

त्या वर्षी वसंत रुसला होता. एप्रिल आला तरी कालव्यावरून बोचरा वारा. मिरवणूक नऊ दिवसांवर आली आणि कोंब जागचे हलेनात. ओनोने मला न विचारता वीसही कुंड्या आपल्या काचघरात नेऊन गरम हवेत ठेवल्या. कंदांच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाने! पण तो कंद फोनवर विकायचा, हात कधी मातीत घातला नव्हता. चार दिवसांनी मी पाहिलं तर फुलं पानांच्या गाभ्यातच अडकून उमलायला लागली होती. दांडा नाहीच. घशात घास अडकल्यासारखी.

आत्या हातगाडी घेऊन आली. तिने मला शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही, पण त्या मला लागू होत्या. कुंड्या घरी आणून तिने गार, अंधाऱ्या बोळात मांडल्या. “आता टोप्या घालायच्या. डोक्यावर काळोख पडला की उजेड शोधत दांडा वर चढतो. कागद आण. जाड आण.”

समितीच्या कपाटात मिरवणुकीच्या कार्यक्रमपत्रिका उरल्या होत्या, छान जाड कागदाच्या. मी गठ्ठाच उचलून आणला. आम्ही स्वयंपाकघरात बसून कागदाचे निमुळते पुंगळे वळत होतो. पाच झाले, सहा झाले. सातव्याला आत्याचे हात थांबले. तिने चष्मा वर सारला आणि मोठ्याने वाचलं, “‘पुलावर पाहा: फेरहाख वखारीचा नवा हायसिंथ, डिर्क फेरहाख.’”

मी हातातला पुंगळा खाली ठेवला.

“हे कुणी टाइप केलं?”

“मी,” मी म्हणाले. ओनोने चिठ्ठी दिली, मी छापायला तयार केली. त्याच्याही कुंड्या असतील शेजारी, असं वाटलं होतं मला. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नव्हतं. समोर येईल ते मी बडवत होते.

“उकिरड्यावर टाक म्हणणाऱ्याचं नाव,” आत्या म्हणाली. “माझ्या फुलाला. तुझ्या हाताने.”

मी म्हणाले, राहू देत टोप्या, खुंटू देत ती फुलं, मग परीक्षकांना दाखवेल काय तो ओनो? आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. “फुलाने काय घोडं मारलंय?” ती म्हणाली आणि आठवी टोपी वळायला घेतली. वीसही पुऱ्या केल्या. मग कोट चढवला आणि ओनोच्या घरी गेली. मी मागोमाग.

ओनो कॉफी पीत होता. “कंद कुणाच्या वाफ्यातला, प्लोनी?” तो गोड आवाजात म्हणाला. “आमच्या. मग फूल कुणाचं?”

“तुझ्या बापाने टाकून दिलेलं होतं.”

“कुणी ऐकलं ते?”

“अकरा बायकांनी.”

“नावं सांग की त्यांची. हजेरीच्या वहीत बघतो.” आणि हसला.

आजही ते हसू आठवलं की माझे दात एकमेकांवर घासतात.

मिरवणुकीच्या सकाळी त्याची माणसं कुंड्या न्यायला आली. आत्याने अडवलं नाही. फूल परीक्षकांनी पाहावं, आपण तिथे उभं राहून खरं सांगावं, एवढाच तिचा बेत होता. टोप्या काढल्या तेव्हा दांडे वीतभर चढलेले होते. पुलावर तीन परीक्षक आले, वाकून वास घेतला, मान डोलावली. आत्या पुढे झाली आणि सगळं बोलली. उपटणं, खिसा, अठरा वर्षं. मुख्य परीक्षकाने ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे. मग विचारलं, “काही लेखी आहे, बाई?”

लेखी फक्त मी टाइप केलेली पत्रिका होती. त्याने त्यावरूनच नाव उतरवून घेतलं.

पुढच्या शरदात आत्याने चरात एकही कुंडी पुरली नाही. सगळे कंद टोपलीत घालून ती वखारीतल्या जुन्या बायकांच्या दारोदार फिरली. त्यांनी ते कोरून वाढवले आणि शेजारणींना दिले, शेजारणींनी लेकींना. दहा वर्षांत गावात असा एक उंबरठा उरला नाही की जिथे एप्रिलमध्ये ती राखी निळी कुंडी दिसणार नाही. आणि डिर्क फेरहाख म्हणून कुणी ते फूल मागत नाही. सगळे म्हणतात, प्लोनी. “तुमची प्लोनी फुलली का?” बाजारातसुद्धा तेच.

मला वाटलं ती खूश होईल. शेवटच्या आजारपणात मी खाटेशी बसून तिला हे सांगितलं. “आत्या, वहीत काही का असेना, लोकांच्या तोंडी तुझंच नाव आहे.”

ती कोपरावर उठून बसली. “मला तोंडात नको होतं,” ती ओरडली. “वहीत हवं होतं! तोंडं मरतात, गाढवे.”

ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. ज्या बायकांनी डिर्कचे शब्द ऐकले होते त्यातल्या दोघी उरल्यात, आणि एकीला आता काही आठवत नाही. गेल्या एप्रिलमध्ये गावात आलेल्या एका नव्या सुनेने मला विचारलं, प्लोनी म्हणजे काय हो, रंगाचं नाव का?

म्हणून हे बसून टाइप केलं, आणि या खेपेला प्रत्येक शब्द वाचून केलं. फुलाचं नाव अपोलोनिया. ते अपोलोनिया कोपर या कंद सोलणाऱ्या बाईने वाढवलं.