शेपूटसरांचा डबा

आमचे सर शर्यतीला यायचे आणि अंतिम रेषेकडे पाठ करून उभे राहायचे. तिकडे टाळ्यांचा कडकडाट चालू असायचा आणि हे शेवटच्या चढावर काळी छत्री उघडून मागून येणाऱ्या मुलीची वाट बघत असायचे. म्हणून बाकीच्या कॉलेजांनी त्यांचं नाव ‘शेपूटसर’ ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा सर म्हणाले, “शेपटीवर पाय पडल्याशिवाय वाघसुद्धा पळत नाही, सांगा त्यांना.”

सर आमच्या जिमखान्याचे प्रमुख. पहाटे तळजाईच्या टेकडीवर आमचा क्रॉस कंट्रीचा सराव घ्यायचे. रागावले की हमखास ‘अहो-जाहो’वर यायचे. बिबवेवाडीहून धापा टाकत येणारी मी संघातली सगळ्यांत मंद मुलगी, त्यामुळे हा मान बहुधा मलाच मिळायचा. “आपण पळताय की मंडईत निघालात? पिशवी देऊ का?”

त्यांच्याजवळ गूळ-शेंगदाण्यांचा एक पितळी डबा असायचा. सराव संपला की तो उघडायचा, पण शेवटची मुलगी आल्याशिवाय नाही, आणि पहिला घास तिचा. पुढच्या मुलींना भूक लागलेली असायची. मग त्या मुकाट्याने मागे फिरायच्या आणि मला ओरडून, ढकलून, प्रसंगी शिव्या घालून वर आणायच्या. मला तेव्हा त्या डब्याचा भयंकर राग यायचा.

क्रॉस कंट्रीत संघाच्या पहिल्या चौघींचे क्रमांक मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी त्यांचा करंडक. आमच्या कॉलेजला तो कधीच मिळाला नव्हता. तिघी नेहमी झकास यायच्या आणि चौथीपाशी घोडं अडायचं. माझ्या शेवटच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती चौथी मी होते.

शेवटच्या चढाला लागले तेव्हा आमच्या तिघी पोहोचून वाटेकडेला बांधलेल्या दोरीबाहेर परत आल्या होत्या आणि घसा फाडत होत्या. “निळी! त्यांची चौथी! तिला गाठलीस की करंडक आपला!” आमच्याशी चुरस असलेल्या कॉलेजची ती निळ्या बनियनची मुलगी माझ्यापुढे होती आणि माझे पाय दगड झाले होते. तेवढ्यात छत्री दिसली. आता मंडई निघणार, असं मला वाटलं. पण सरांनी छत्री चक्क फेकून दिली आणि ओरडले, “पळ गं पोरी! पळ!”

तीन वर्षांत सर माझ्याशी पहिल्यांदाच ‘अगं-तुगं’वर आले होते. पुढचं मला धड आठवत नाही. निळं बनियन बाजूला आलं, मागे गेलं, आणि मी रेषेपलीकडे मातीत पालथी पडले. माझ्या अंगावर तिघी पडल्या. करंडक आमचा होता!

तो डोक्यावर घेऊन, नाचत, बोंबलत आम्ही चढावर सरांकडे गेलो. डबा त्यांच्या काखेत होता, बंद.

“सर, जिंकलो! उघडा की आता!”

“अजून एक यायची आहे,” सर म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, पण मान खालच्या वाटेकडेच होती.

लोणी काळभोरकडच्या कॉलेजची एक मुलगी लंगडत येत होती. तिचं कुणीच थांबलं नव्हतं. आम्ही करंडक सरांच्या पायाशी ठेवला आणि दोरीच्या कडेने तिच्याकडे धावलो. असा काही गजर केला की ती बिचारी आधी घाबरली, मग रडली, मग चक्क पळू लागली. रेषा ओलांडून ती आली तेव्हा सरांनी डबा उघडला. पहिला घास तिचा.

“मी तर शेवटची हाय, सर,” ती म्हणाली.

“म्हणूनच,” सर म्हणाले.

सर जाऊन आता काही वर्षं झाली. डबा माझ्याकडे आहे. यंदाही स्पर्धेला तो घेऊन गेले आणि चढावर उभी राहिले. पाहते तर काय, पोहोचलेल्या मुली सगळ्या रंगांचे बनियन घालून दोरीच्या कडेने उलट्या दिशेने खाली धावत होत्या, शेवटच्या मुलीला आणायला. त्यांतल्या एकीनेही सरांना पाहिलेलं नव्हतं.