सावंतकाकांच्या हाताला काम

सिगारेट सोडायला जमलेल्या माणसांकडे किस्से भराभर साठतात. तोंड रिकामं असतं ना! नौपाड्यात कर्णिक मॅडमच्या क्लिनिकमध्ये दर शनिवारी आमचा ग्रुप बसतो, तिथलेच हे. मॅडम समुपदेशक. आवाज कधी चढत नाही, आणि 'सोडा' हा शब्द मी अजून त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

पहिल्या दिवशी मी लेक्चर ऐकायच्या तयारीने गेलेलो. त्यांनी विचारलं, "सिगारेटमध्ये आवडतं काय?"

मी म्हटलं, "गॅलरीत जरा एकटं उभं राहता येतं. कोणी काही विचारत नाही."

"मग गॅलरी ठेवा की! तिचा काय दोष?"

आता मी रोज संध्याकाळी गॅलरीत नुसताच उभा असतो. सुरुवातीला बायकोला वाटलं, माझी नोकरी गेली!

* * *

डोंबिवलीचे सावंतकाका आमच्यातले सगळ्यात जुने ओढणारे. त्यांच्या मुलीला कल्याणला बाळ झालं, तेही दिवस भरायच्या आधी. छाती नाजूक. मुलीने स्पष्ट सांगितलं, "बाबा, आधी सिगारेट बंद, मगच बाळ हातात देईन." काका त्याच शनिवारी आमच्यात आले.

"मॅडम, हातांचं काय करू? गप्प बसत नाहीत."

"काम द्या त्यांना. लसूण सोला."

पुढच्या शनिवारी काका सगळ्यांसाठी सोललेला लसूण घेऊन हजर! "घरातला कधीच संपला. आता बिल्डिंगमधल्या बायका आणून देतात."

* * *

मॅडमचा एक नियम आहे. तलफ आली की पेटवण्याआधी जोडीदाराला फोन करायचा. काकांचा जोडीदार मी. नवरात्रात ते टेंभी नाक्यावर गर्दीत अडकले आणि तिथून फोन लावला. मागे ढोल, स्पीकर! मी घसा फोडून धीर देतोय, ते नुसतं "हॅलो? हॅलो?" करतायत. शेवटी एका गल्लीत शिरले.

"अरे मंदार, तू काय बोललास एक अक्षर कळलं नाही. पण तलफ गेली!"

* * *

मॅडमच्या वाढदिवसाला आम्ही केक आणला. मेणबत्ती लावायला क्लिनिकमध्ये काडेपेटी कुठली! कुणीतरी विचारलं, "लायटर आहे का?" आणि काकांनी झटकन खिशातून लायटर काढून मेणबत्ती पेटवलीसुद्धा!

सगळ्यांच्या नजरा त्या लायटरवर.

"काल एक ओढली," काका पुटपुटले. "मुलीने बाळाचा फोटो पाठवला. फोटोच बघत बसायचं का मी?" त्यांचे डोळे भरले होते. मलाही बघवेना.

मॅडमनी मेणबत्ती फुंकली आणि केकचा पहिला तुकडा काकांना दिला. "पाय कुठे घसरतो ते कळलं ना आता? यापुढे फोटो आला की आधी मंदारला फोन."

लायटर त्यांनी मागितला नाही. काकांनीच तो टेबलावर ठेवला. मी मनातल्या मनात बाईंना हात जोडले.

* * *

मग फोटो आला की काकांचा फोन ठरलेला. परवा दुपारी मी माजिवड्याला रिक्षात होतो, तेव्हाही आला.

"काय काका, फोटो आला? तलफ आलीय का?"

उत्तर नाही. मी घाबरलो. "काका! अहो, बोला ना!"

"हळू बोल रे," काका कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय. फोन तुझ्या काकूने धरलाय माझ्या कानाशी. माझे दोन्ही हात अडकलेत."