ऑरिन रोझेबोमला पाडायला सातजण

ऑरिन रोझेबोमच्या मांड्या लोणच्याच्या बरण्यांसारख्या होत्या, आणि सारा घोटाळा त्या मांड्यांपासून सुरू झाला. आयोवातल्या न्यू डेल्डन गावात असल्या मांड्यांचा गोरा मुलगा दिसला की लोक आधी त्याला बापाच्या डुकरांच्या शेडमध्ये जुंपतात आणि मग अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर समोरच्यांना अडवायला उभा करतात. चेंडू घेऊन पळ असं त्याला कोणी म्हणत नाही. देवाने ऑरिनला मांड्या अडवणाऱ्याच्या दिल्या होत्या आणि जीव मात्र पळणाऱ्याचा. लहानपणी हा मुलगा कापणी झालेल्या मक्याच्या शेतातून काखेत भोपळा मारून पळायचा. खुंटांना चुकवायचा, कुत्र्याला हुलकावणी द्यायचा, आणि शेवटी गोठ्याच्या दारात भोपळा आपटून दोन्ही हात वर करायचा. त्याची आई ज्युएल म्हणायची, निदान पिकलेला तरी आपटू नकोस, पम्पकिन-पाय भाजायचा असतो मला.

गावातल्याच डेल्डन कॉलेजात तो गेला, तेव्हा कोच ब्रुन्सिंगनी विचारलं की कुठल्या जागेवर खेळायचंय. ऑरिन म्हणाला, रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. कोच सभ्य गृहस्थ, ते हसले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मांड्यांकडे एकदा प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले की तू लाइनबॅकर छान होशील. लाइनबॅकर म्हणजे पळणाऱ्याला पाडणारा. हेच वाक्य त्याला न्हाव्याने ऐकवलं होतं, चर्चच्या पास्टरांनी हात मिळवताना ऐकवलं होतं, आणि दातांच्या डॉक्टरांनी तर तोंडात दोन हत्यारं असताना ऐकवलं होतं, म्हणजे उलट बोलायचीही सोय नाही.

शेवटी तडजोड अशी झाली की ऑरिन पळणाऱ्यांच्या रांगेतच उभा राहील, पण पुढे. चेंडू मागच्या लमॉन्ट पेटिग्रूकडे जाईल, आणि ऑरिन समोर धडका देत त्याला वाट करून देईल. तीन वर्षं त्याने इमानाने धडका दिल्या. सामन्यात चेंडू त्याच्या हातात एकदाच आला, तोही दुसऱ्याच्या हातून निसटून त्याच्या पोटावर आपटलेला.

लमॉन्ट कॅन्सस सिटीचा, काळा, सडपातळ, आणि जिभेला हाड नसलेला. रविवारी चर्च सुटलं की तो रोझेबोमांच्या टेबलावर असायचा, कारण ज्युएलच्या हातचे हॅमचे बन त्याच्या मते पापक्षालनाइतकेच जरुरीचे होते. तिथे तो सामन्याची बातमी मोठ्याने वाचून दाखवायचा. बातमीत दरवेळी लमॉन्ट उपजत वेगवान असे आणि ऑरिन कष्टाळू आणि डोकेबाज.

"बघा काकू," तो पेपर आपटून म्हणायचा, "रोज पहाटे पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर आम्ही दोघं पळतो. हा अर्ध्यात बसून ओकतो, म्हणून हा कष्टाळू. मी वर जाऊन खाली येऊन याला उचलतो, तर माझं सगळं जन्मजात. आणि गणितात कोण लटकलं ते विचारा तुमच्या डोकेबाजाला."

ज्युएल हसू दाबत त्याच्या ताटात आणखी एक बन ठेवायची. पण टेकडीवर एकदा लमॉन्टने हेही सांगितलं होतं की लहानपणी तो लांबवर चेंडू फेकायचा, अगदी नेमका; आणि पहिल्याच कोचने त्याचे पाय पाहून म्हटलं होतं, तू पळ. दुसऱ्या दिवशी ऑरिनने टेकडीवर चेंडू नेला आणि लमॉन्टला तो पोटभर फेकू दिला. तेव्हापासून त्यांची दोस्ती पक्की.

आता पेपरमिंटचं सांगायला हवं. न्यू डेल्डनच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं रे झालं की बाकाबाकांतून कागदाची बारीक सळसळ होते आणि पांढऱ्या जाड पेपरमिंट हातोहात पुढे सरकतात. ती गालात धरायची, विरघळू द्यायची. कडकन चावली तर पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघतात. सामन्याआधी ऑरिन बुटांच्या नाड्या पाचपाचदा सोडून बांधायचा, म्हणून ज्युएलने सांगितलं की मैदानावरही एक गालात ठेव, तेवढंच देवाच्या घरात बसल्यासारखं वाटेल. तो ठेवू लागला. लमॉन्टने त्याचं नावच पेपरमिंट पाडलं.

हंगामातला शेवटचा सामना कोल्डवॉटर कॉलेजशी, घरच्या मैदानावर. त्याच आठवड्यात कोचनी ऑरिनला बोलावून सांगितलं की पुढच्या वसंतापासून तू लाइनबॅकर, ठरलं. ऑरिन "बरं कोच" म्हणाला आणि बाहेर येऊन सायकल स्टँडवर बसून राहिला. आता एकच शनिवार उरला होता. त्यात एकदा तरी चेंडू हाती यावा आणि कोचनी आपला विचार बदलावा, एवढंच त्याचं मागणं. रात्री त्याने देवाजवळ ते मागितलं आणि लगेच माफीही मागितली, कारण फुटबॉलसाठी देवाला त्रास देऊ नये असं त्याच्या वडिलांचं मत होतं.

वडील म्हणजे विल्मर रोझेबोम. चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, बोलणं मोजकं. सामन्यात ते आणि ज्युएलचा भाऊ गेरिटमामा चेन धरायचे. मैदानाच्या कडेला दोन खांब, मध्ये दहा यार्डांची साखळी. चार प्रयत्नांत चेंडू पुढच्या खांबापलीकडे गेला तर पुन्हा नवे चार प्रयत्न. चेन धरणाऱ्याने ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, असा नियम. विल्मरना तो नियम जड गेला नव्हता. ज्युएल म्हणायची, या माणसाने लग्नाला होकारसुद्धा मान हलवून दिला.

त्या शनिवारी वारं असं बोचरं होतं की बँडच्या पोरांचे ओठ पितळेला चिकटत होते. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा डेल्डन दोन गुणांनी पुढे होतं. तिसरा प्रयत्न, अजून तीन यार्ड हवे होते. मिळाले की उरलेला वेळ चेंडू दाबून बसायचं आणि सामना खिशात. नाही मिळाले तर चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने कोल्डवॉटरकडे धाडावा लागणार, आणि त्यांचा तीन गुणांचा गोल मारणारा दुपारभर लाथा मारून पाय गरम करत होता.

लमॉन्ट कोचजवळ गेला. म्हणाला, कोच, त्यांचे अकराच्या अकरा माझ्या अंगावर येतात. मला चेंडू दिल्याचं नाटक करा आणि खरा पेपरमिंटला द्या. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही. कोचनी कधी नव्हे ते मान हलवली.

चेंडू ऑरिनच्या पोटाशी आला. लमॉन्टने रिकामे हात छातीशी आवळून असं काही वाकून धूम ठोकली की त्याची आजीही फसली असती. अख्खं कोल्डवॉटर त्याच्यावर कोसळलं. लाउडस्पीकरवर म्हातारा मर्ल गरजला, पेटिग्रूला पाडलं, पेटिग्रूला पाडलं. बँडने मान टाकली. आणि ऑरिन आपला एकटाच, समोर मोकळं मैदान, काखेत चेंडू, गालात पेपरमिंट, पळत सुटला. कुठूनतरी एक शिटी वाजली, पण त्याला ती लांबच्या गाडीची वाटली.

ती विल्मरनीही ऐकली नाही. मुलगा बाजूने सुसाट गेलेला पाहिला आणि वर्षानुवर्षं गप्प असलेला हा माणूस खांबासकट त्याच्याबरोबर पळायला लागला. साखळीच्या दुसऱ्या टोकाला गेरिटमामा होता. तो तेव्हा कॉफीच्या थर्मासचं झाकण फिरवत होता. साखळी ताणली, मामा ओढला गेला, थर्मास उडाला, आणि पोटाचा घेर सावरत मामाही नाइलाजाने धावू लागला. "अहो विल्मर, मी पण आहे इकडे," तो ओरडत होता. ऑरिनने टोकाला जाऊन चेंडू आपटला, दोन्ही हात वर केले आणि मागे वळून पाहिलं. टाळ्या वाजवायला फक्त बाप आणि मामा पोचले होते, तेही धापा टाकत. बाकी सगळे लांब मैदानाच्या मध्यावर उभे.

झालं होतं असं की पंचही फसले होते. लमॉन्ट आडवा झाला तशी त्यांनी शिटी फुंकली, आणि शिटी वाजली की खेळ तिथेच मेला. ऑरिनचं पळणं जमेत नाही. पांढऱ्या टोपीचे मुख्य पंच एवढं मैदान तुडवत त्याच्याकडे आले. तेही कुणाचे तरी वडील असावेत.

"माफ कर रे बाळा," ते म्हणाले. "मी तुझ्याकडे बघितलंच नाही."

"हरकत नाही सर," ऑरिन म्हणाला. त्याच्या तोंडून तेच निघालं असतं, न्यू डेल्डनचाच तो. मग पंच विल्मरकडे वळले. त्यांनी सांगितलं की चेन पळवायची नसते, आणि आता आवाज जरी आला तरी मैदानाबाहेर काढीन. साखळीला जुन्या रेषेची खूण म्हणून चिमटा लावलेला होता म्हणून बरं, दोघं मान खाली घालून ती परत जागच्या जागी लावायला निघाले.

पंचांची चूक, त्यामुळे तोच प्रयत्न पुन्हा खेळायची मुभा होती. कोचच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाले, आता सगळे ऑरिनवर डोळा ठेवतील, तेव्हा नाटक उलटं करू. ऑरिनला दिल्यासारखं दाखवू आणि लमॉन्टला देऊ.

हे शहाणपणाचं होतं. लमॉन्टनेही ते कबूल केलं असतं. पण ऑरिनने पेपरमिंट या गालातून त्या गालात सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा कोचचं बोलणं तोडलं.

"कोच, मला द्या. मघाशी त्यांनी मला बघितलंच नव्हतं. आता बघू द्या आणि मग पाडू द्या."

कोच लमॉन्टकडे बघू लागले. लमॉन्ट म्हणाला, "द्या हो. मी पुढे धडका देतो याच्यासाठी. तीन वर्षांचं देणं आहे माझं."

"तू? तुझं वजन किती?"

"कष्टाळू आहे मी, कोच."

रांग लागली तेव्हा कोल्डवॉटरचे सगळे ऑरिनकडे बोट दाखवून एकमेकांना बजावत होते, हाच, हाच, या जाड्याला सोडू नका. ऑरिनला वाटलं, एवढं गोड कोणी आपल्याबद्दल कधी बोललंच नाही. हेल्मेटच्या आत तो हसत होता.

चेंडू आला. लमॉन्ट पुढे घुसला आणि आपल्या दुप्पट आकाराच्या माणसाच्या गुडघ्यांवर जाऊन आदळला. उघडलेल्या फटीत ऑरिन शिरला. एकजण कमरेला लटकला, दुसरा पायाला, तिसरा पाठीवर चढला. बरणीसारख्या मांड्या त्या दिवशी खऱ्या कामाला आल्या. मक्याच्या खुंटांसारखी माणसं तुडवत तो एकेक पाऊल टाकत राहिला, आणि मग आणखी काहीजण एकदम येऊन पडले आणि वर आभाळ दिसेनासं झालं.

ढिगाऱ्याखाली अंधार, घाम, माती. कोणीतरी नाक फेंदारून विचारलं, "कोण रे पेपरमिंट खातंय?"

"मी," ऑरिन म्हणाला.

"आणखी आहे?"

"मोज्यात आहे. पण माझा पाय कुठला ते मलाच कळत नाहीये."

ढिगारा खदखदा हसू लागला. पंच एकेकाला उचलत गेले, तर तो सातजणांचा निघाला. चेंडू ऑरिनच्या पोटाखाली होता, पण पुरेसा पुढे होता की नाही ते डोळ्यांनी सांगता येईना. पंचांनी चेन मागवली.

आता अख्ख्या मैदानाची नजर विल्मरवर. मागचा खांब त्यांच्या हातात. तो बोटभर पुढेमागे रोवला तर कोणाला कळलं असतं? विल्मरनी चिमटा रेषेवर धरला, खांब सरळ रोवला आणि मोह नको म्हणून तोंड फिरवून धान्याच्या कोठाराकडे पाहत राहिले. पुढचा खांब पंचांनी स्वतः ताणला. मग ते वाकले, गुडघ्यावर बसले, शेवटी पालथेच पडले.

चेंडूचं नाक खांबाच्या पुढे होतं. किती, तर एका पेपरमिंटच्या जाडीइतकं.

मर्लने भोंग्यात घसा खाकरला. "चेंडू घेऊन पळाला..." आणि तो थांबला, कारण हे नाव त्याने या वाक्यात कधी घेतलंच नव्हतं. "...ऑरिन रोझेबोम. विल्मर आणि ज्युएलचा. गेरिटचा भाचा." बँडने चिकटलेले ओठ सोडवून घेतले. स्टँडमध्ये ज्युएल शेजारणीच्या मांडीवरची ब्लँकेटं हवेत उडवत होती. विल्मर मात्र खांब धरून उभे, तोंड गच्च मिटलेलं. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा गेरिटमामा म्हणाला, "ओरडा आता, विल्मर. संपली मॅच."

"सातजण लागले," विल्मर ओरडले. "माझ्या पोराला पाडायला सातजण लागले." आणि पंचांच्या गळ्यात पडले.

कोचनी ऑरिनला गाठलं. बराच वेळ त्याच्या चिखलाने माखलेल्या मांड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, लाइनबॅकर मी दुसरा कोणी शोधतो.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं आणि पेपरमिंट बाकावरून सरकत आल्या. खांदे ठणकत असल्याने ऑरिनला हात वर करता येईना, तेव्हा शेजारी बसलेल्या लमॉन्टने त्याला भरवली आणि एक आपल्या गालात टाकली. इतक्यात मागच्या बाकावरून दातांचे डॉक्टर पुढे झुकले आणि ऑरिनच्या कानात कुजबुजले, "मी पहिल्यापासून म्हणत आलोय, तू पळणारा आहेस."

लमॉन्टची पेपरमिंट कडकन फुटली. पुढचं अख्खं बाक मागे वळलं.