आडवी सायकल आणि उतावळा भाऊ

कुणीच बोली लावत नाही हे बघवेना, म्हणून भाऊने स्वतःच लावली. सख्ख्या बहिणीने मांडलेल्या लिलावात, स्वतःच्या नावाने. बटण दाबल्यावर त्याला फार बरं वाटलं. मग त्याने नियम वाचले. 'दुकानातल्या माणसांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी बोली लावल्यास लिलाव रद्द.' भाऊच्या तोंडचं पाणी पळालं.

रुग्णांच्या सोबत्यांना राहायला खोल्या देणाऱ्या संस्थेचं ते दुकान. लोकांनी दान दिलेल्या वस्तू तिथे विकतात. ताई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. निवृत्त झाल्यावर तिने दुकानाच्या मागच्या खोलीत संगणक मांडला आणि इंटरनेटवर लिलाव सुरू केले. संस्थेच्या चिटणीसांना ते खूळ वाटे. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्याने आपली आडवी सायकल आणून दिली. आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं आणि पाय समोर ताणून पेडल मारायचं. चिटणीस तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत ही गेली नाही, तर उद्या भंगारात. आणि तुमचा तो संगणकही बंद."

त्यात ताईची रीत अशी, की आधी दोष सांगायचे, मग गुण. सायकलीच्या फोटोखाली तिने लिहिलं होतं : चढावर जीव काढते. सीटचं कापड उसवलंय. ट्रकवाल्याला तुम्ही दिसणार नाही, उंच झेंडा लावा. आणि अगदी शेवटी : पाठ दुखत नाही.

भाऊ पाय ओढत मागच्या खोलीत गेला.

"ताई, समजा, एखाद्याने चुकून बोली लावली..."

"कधी लावलीस?" ताईने मानही वर केली नाही.

"तुला कसं कळलं?"

"चुकून काही करणारा मला एकच ठाऊक आहे. बस तिथे. कशाला हात लावू नकोस."

तिने लिलावाची वेबसाइट चालवणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, स्वतःहून सांगितलंत म्हणून लिलाव रद्द करत नाही, नुसती बोली काढतो, पण कारण सगळ्यांना दिसेल असं लिहा. ताईने ते दोषांच्या खालीच लिहिलं : 'पहिली बोली माझ्या धाकट्या भावाची होती, ती रद्द. मनाने चांगला आहे, पण उतावळा. सायकलीबरोबर तो मिळणार नाही.'

"अगं, जग वाचेल ना!"

"वाचू दे."

पाटी पुन्हा कोरी. चिटणीस दारातून डोकावले, घड्याळाकडे बघून गेले. आपल्या एका बोटाने बहिणीचं सगळं घालवलं, असं भाऊला वाटू लागलं. ताईचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

तेवढ्यात एका शिंपीणबाईंचा प्रश्न आला : 'पाठ नक्की दुखत नाही?'

ताईने लिहिलं : 'दुकानामागे मी चालवून पाहिली. पडले, पण पाठ दुखली नाही.'

"तू पडलीस?" भाऊ ओरडला.

"हळू बोल."

शिंपीणबाईंनी उत्तर पाठवलं : 'भावाचंही खरं लिहिलंत, म्हणजे पाठीचंही खरं असणार.' आणि बोली लावली. मग एका टॅक्सीवाल्याने त्याहून मोठी बोली लावली. मुदत संपेपर्यंत दोघांची चढाओढ चालली. सायकल शिंपीणबाईंना गेली. चिटणीस आले, पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कोपऱ्यात पडलेला तो जुना पियानोही लिलावाला लावून बघा."

सायकल बांधताना भाऊला धीर आला. "म्हणजे एका परीने माझ्यामुळेच विकली गेली की! आता रागावलेली नाहीस ना?"

"रागावलेय, दोरी धर."