सातव्या ओळीची टिक

विश्रांतवाडीतल्या एका छोट्या दवाखान्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. फाइल क्रमांक टाकला, की त्या पेशंटला कोणतं औषध चालत नाही ते पडद्यावर यायचं. सोमवारपासून कागदी फाइली बंद, हे मीच ठरवून दिलं होतं.

सोमवारी सकाळी तिथल्या सिस्टरांचा फोन.

"मॅडम, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले काका आलेत. जुन्या फाइलवर लाल शाईत लिहिलंय, पेनिसिलिन देऊ नये. तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, काही नाही. कोणाचं ऐकू?"

"कागदाचं. आणि मी सांगेपर्यंत कोणालाच इंजेक्शन देऊ नका."

"बाहेर अजून अकरा जण बसलेत. त्यांना काय सांगू, कॉम्प्युटरला बरं नाही?"

फोन तसाच चालू ठेवून मी लॅपटॉप उघडला.

मी प्रोग्रॅम पायथन या संगणकभाषेत लिहिला होता. तिथली डिक्शनरी म्हणजे एक नोंदवही. क्रमांक द्यायचा, माहिती घ्यायची. दवाखान्यात कोणी 'ख ११२' लिहितं, कोणी 'ख-११२'. म्हणून त्या तयार डिक्शनरीवरून मी स्वतःची एक बेतली होती. नोंद भरताना आणि शोधताना ती मधल्या जागा आणि रेघा काढून टाकायची. एकेक नोंद भरून पाहिली होती, चोख चालली. जुन्या नोंदी मात्र मी डिक्शनरीची 'अपडेट' ही आज्ञा वापरून एकदम ओतल्या होत्या. मूळ डिक्शनरीचं अपडेट स्वतःच्या वाटेनं जातं, मी बदललेली रीत त्याच्या गावीही नसते. क्रमांक जसेच्या तसे आत गेले आणि शोध साफ केलेल्या क्रमांकानं होत राहिला. सापडलं नाही, की पडद्यावर 'काही नाही'.

काय काय तपासायचं त्याची यादी माझ्या वहीत होती. सहावी ओळ: एकेक नोंद भरून पाहणे. सातवी: एकदम भरून पाहणे. पुढे टिक. सहावी जमली म्हणजे ही जमणारच, असं धरून केलेली.

मी डिक्शनरी 'यूजरडिक्ट' या पायथनमधल्याच दुसऱ्या तयार साच्यावरून पुन्हा बेतली. तिथे एक नोंद असो वा हजार, प्रत्येक माझ्याच रीतीतून जाते. सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. 'काही नाही'च्या जागी लिहिलं: 'नोंद सापडली नाही, फाइल पाहा'.

"सिस्टर, आता बघा."

बराच वेळ नुसती टकटक.

"आलं. पेनिसिलिन नाही."

"उरलेल्या अकरा जणांचंही कागदाशी ताडून वाचा. एकेक."

त्यांनी वाचलं. प्रत्येक नाव कानावर पडल्यावरच मी टिक केली. अकरावी झाल्यावर म्हटलं, "फाइली आज रद्दीत द्यायला सांगितलं होतं, त्या राहू द्या."

"दिल्याच नव्हत्या मॅडम. कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे."