डोळ्याखालचा दाणा

रंगकाम मी कुणाकडं शिकले नाही. कॅलेंडरवरचे देव बघून बघून हात बसला, आणि नव्वद सालाच्या सुमारास बारामतीत लोक माझ्याकडं गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन यायला लागले. वर्षश्राद्धाला भिंतीवर मोठी तसबीर हवी असायची ना!

कन्हेरीच्या एका आजींकडं मात्र धड फोटोच नव्हता. सून गेलेली. लग्नातला एक फोटो होता, त्यातही पोरीनं मान खाली घातलेली, पदर नाकापर्यंत. आजींसोबत सुनेची धाकटी बहीण आली होती आणि तिच्या कडेवर चार वर्षांची नात.

"हिच्यावरनं काढा, बाई," आजी म्हणाल्या. "बहिणी हायत, डोळं एकच. पोरगी आता मावशीलाच आई म्हनाया लागलीय. आईचं त्वांड इसरायच्या आत कायतरी करा."

मग धाकटीला मी दर बाजाराच्या दिवशी खिडकीशी बसवायची. चित्र पुरं होईस्तोवर बघायचं नाही, हा माझा नियम. राळ फडक्यात बांधून टर्पेंटाईनच्या बरणीत सोडायची, विरघळली की गाळून जवसाच्या तेलात मिसळायची आणि त्यात रंग कालवायचा. घाई चालत नाही बघा. एक पातळ थर द्यायचा, सुकेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. खालचा वरच्यातून दिसत राहतो, त्यानंच कातडीला आतून उजेड येतो.

पहिल्याच दिवशी धाकटी म्हणाली, "धूप घातलाय व्हय? ताई गेली तवा घरात असाच वास व्हता."

धुपातही राळच असते. मी बरणीला झाकण लावलं.

तिसऱ्या थराला माझी चूक झाली. राळ गाळायची विसरले आणि डाव्या डोळ्याखाली एक दाणा चिकटून बसला. सुकल्यावर ब्लेडनं खरवडला, वर रंग दिला. पुढच्या बाजाराला बघते तर दाणा तिथंच. पुन्हा काढला. चौथा थर दोनदा गाळून लावला. भर दुपारी सुकलेल्या रंगावर बोट फिरवलं, तर टोचलं. तिथंच! आणि काय सांगू, समोर बसलेली धाकटी, मी तिचंच तोंड काढत होते, तरी फळीवरच्या चित्रातली बाई थरागणिक तिच्यापासून लांब चाललेली. हनुवटी मी रुंद केली नव्हती. ती झाली होती.

न्यायला सगळ्या आल्या तेव्हा मी ब्लेड हातात घेऊनच बसले होते. म्हटलं, "आजी, डोळ्याखाली डाग राहिलाय, काढते आत्ता."

तेवढ्यात नात कडेवरनं उतरली, सरळ तसबिरीपाशी गेली आणि बोटानं तो दाणा दाबला.

"टिंग!" म्हणाली.

आजी तसबिरीजवळ सरकल्या. "आईची चामखीळ अशीच दाबायची ही, घंटीवानी. तुमास्नी कुनी सांगितलं?"

मी धाकटीकडं बघितलं. तिनं मान हलवली. "म्या न्हाय."

नात पुन्हा तसबिरीकडं वळली. "ही आई." मग मागं बघून म्हणाली, "तू मावशी."

"व्हय गं बाय, मी मावशीच," धाकटी म्हणाली, आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याखाली हळूच बोट लावून बघितलं. तिथं काही नव्हतं.

ब्लेड मी डब्यात ठेवून दिलं.